नवा शॉकअप, तरी तीच गळती आणि तोच ‘टक्’: जुन्या मोटरसायकलचं मागचं दुखणं कुठे शोधायचं

जुन्या मोटरसायकलचे मूळ शॉकअप थकले की बरेच जण चांगल्या दर्जाची जोडी घेतात: गॅस भरलेली, स्प्रिंगचा ताण आणि रिबाउंड (दाबलेला शॉक किती वेगाने परत उघडतो ते) बदलता येणारी. सुरुवातीला गाडी एकदम सुधारते. मग केव्हातरी लहान खड्ड्यात मागून ‘टक्’ असा आवाज यायला लागतो. पुढे एका शॉकच्या दांड्यावर तेलाची ओल दिसते, तिला धूळ चिकटते आणि काळी चिकट कड तयार होते. शॉक बदलून घेतला तरी काही काळाने त्याच बाजूला पुन्हा तेच.

एकाच जागी दुसऱ्यांदा गळती झाली की शॉक खराब निघाला असं मी मानत नाही. तो ज्या दोन टोकांवर बसतो ती तपासायला घेतो. वरचा स्टड, खालचा स्टड (शॉक ज्या खुंट्यांवर अडकतो त्या), आय म्हणजे शॉकच्या टोकाचा डोळा, त्यातली रबरी बुश, बुशमधली स्टीलची स्लीव्ह आणि या सगळ्याला हलवणारा स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा चिमटा. दाराच्या बिजागऱ्या एका रेषेत नसतील तर कितीही भारी बिजागरी आणली तरी ती झिजणारच, तसं हे आहे.

आता प्रश्न असा की त्याच गाडीवर जुना शॉक वर्षानुवर्षं कसा टिकला? जुन्या शॉकच्या दोन्ही टोकांना जाड, मऊ रबर असायचं. स्टड थोडा वाकलेला असला, चिमट्यात थोडा खेळ असला, तर ते रबर गुमान सोसायचं. आतलं तेल बहुधा दाबाखाली नसायचं, त्यामुळे सीलवर (दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या कडीवर) जोरही कमी यायचा. नव्या गॅसच्या, एकनळी शॉकमध्ये नायट्रोजन सतत तेलाला दाबत असतो आणि तो दाब सीलपर्यंत पोहोचतो. दांड्यावर बारीक चरा पडला तरी तेलाला बाहेरची वाट मिळते. शिवाय बुश पुष्कळदा कडक असते. जुना शॉक जे पोटात घालत होता ते नवा घालत नाही. म्हणून शॉक सुधारायचा असेल तर आधी त्याची बैठक सुधारावी लागते. बहुतेक वेळा नेमकं हेच राहून जातं, कारण चार नट काढून चार नट लावले की काम झालं असं वाटतं.

आवाज कधी येतो ते आधी ठरवा

पाना हातात घेण्याआधी गाडी चालवून आवाजाची वेळ पकडा. यात घालवलेला वेळ पुढे दुपटीने वाचतो.

हळू वेगात, अगदी लहान खडबडीतही ‘टक्-टक्’ होत असेल तर एखाद्या टोकाला मोकळीक आहे. स्टड आणि स्लीव्ह यांच्यात फट असेल किंवा स्लीव्ह आणि रबर सुटं झालं असेल. फक्त मोठ्या खड्ड्यात एकच जड ‘धप्’ येत असेल तर शॉक तळाला आपटतोय किंवा टायर मडगार्डला लागतोय. खड्डा ओलांडून मागची बाजू वर उसळताना आवाज आला तर शॉक पूर्ण उघडून वरच्या टोकाला आपटतोय. अशा वेळी रिबाउंड फार मोकळं असतं, नाहीतर स्प्रिंगला गरजेपेक्षा जास्त ताण दिलेला असतो. ब्रेक दाबताना किंवा सोडतानाच आवाज येत असेल तर ड्रमला धरणाऱ्या टॉर्क आर्मचे बोल्ट पाहा. थ्रॉटल देताना-सोडताना येत असेल तर चेन आणि मागच्या हबमधले रबर. शेवटच्या दोन्ही दोषांचा शॉकशी काही संबंध नाही, पण शॉक नुकताच बदललेला असल्यामुळे आळ त्याच्यावर येतो.

एक अपवाद आहे. शॉक अगदी नवा असेल आणि पहिल्या काही किलोमीटरमध्येच लहान खडबडीत पोकळ खडखड जाणवत असेल, तर तो पेटीत आडवा राहिल्यामुळे कामाच्या नळीत हवा शिरलेली असू शकते. दोननळी शॉक (एका नळीच्या आत दुसरी नळी असलेला) आणि ज्यात तेल व गॅस वेगळे ठेवणारा पिस्टन नसतो असे शॉक, या दोन्हींत हे होतं. असा शॉक बसवण्याआधी चालतो त्याच स्थितीत उभा धरून काही वेळा पूर्ण दाबायचा आणि सोडायचा. दोननळी शॉकची नळी खाली आणि दांडा वर असाच तो बसला पाहिजे. उलटा बसवला तर तळच्या व्हॉल्व्हला तेलाऐवजी हवा मिळते आणि हालचालीच्या सुरुवातीला शॉक काहीच रोखत नाही. मधे तरता पिस्टन असलेला एकनळी शॉक मात्र कसाही चालतो. तरी उत्पादकाने दिशा सांगितली असेल तर ती पाळायची.

मोकळीक सापडवण्याची खात्रीची रीत सोपी आहे. दुसऱ्या कोणाला तरी सीटवर हलके हेलकावे द्यायला सांगा आणि आपलं बोट असं ठेवा की अर्धं शॉकच्या आयवर आणि अर्धं स्टडच्या वॉशरवर येईल. डोळ्याला न दिसणारी फटसुद्धा बोटाला लगेच कळते. चारही टोकांवर हे करा. जिथे आय आणि वॉशर वेगवेगळे हलतात, तिथून कामाला सुरुवात.

दांडा काय सांगतो

गळणारा शॉक परत पाठवण्याआधी त्याचा दांडा स्वच्छ पुसून उजेडात फिरवून पाहा. गळतीचं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं.

दांडा एकाच बाजूला जास्त चमकत असेल, किंवा एका बाजूचं क्रोम घासून मंद झालं असेल, तर शॉकवर आडवा जोर येतोय. दांड्याने फक्त आपल्या रेषेत आत-बाहेर जायचं असतं. त्याला कडेने ढकललं की तो मार्गदर्शक बुशला (शॉकच्या तोंडाशी दांडा सरळ धरणारी, आयमधली नव्हे) एका बाजूने घासतो, ती बुश लंबगोल होते आणि सील दांड्याला सगळीकडे सारखं चिकटत नाही. इथे नवीन सील टाकणं हा उपाय नाही. काही काळाने ते सीलही त्याच वाटेने जाईल.

लांबीच्या दिशेने सगळीकडे बारीक रेघा असतील तर सीलच्या ओठात वाळू अडकली आहे. टायरच्या बाजूला बारीक खड्डे आणि गंज दिसत असेल तर उडणाऱ्या खड्यांनी क्रोम फोडलंय. या दोन्हीला बैठक जबाबदार नाही. मूळ शॉकवर पुष्कळदा पत्र्याचं आवरण असायचं, नव्यावर दांडा उघडा असतो, हे लक्षात घ्या. आखूड मडगार्ड लावलेल्या गाडीत हा त्रास जास्त. साधा रबरी पडदा लावला तरी बराच फरक पडतो.

आणि दांड्यावर तेलाचा नुसता पातळ थर म्हणजे गळती नव्हे. सील दांड्याला ओलसर ठेवतं, ते तसंच अपेक्षित आहे. थेंब ओघळून खालच्या कपात किंवा आयवर जमत असेल तेव्हाच काळजी करायची.

स्लीव्ह, वॉशर आणि स्टड

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

आयमध्ये रबर, रबरात स्टीलची स्लीव्ह, स्लीव्हमधून स्टड किंवा बोल्ट. नट आवळल्यावर वॉशरने फक्त स्लीव्ह दाबली पाहिजे, आय नव्हे. त्यासाठी स्लीव्ह आयच्या रुंदीपेक्षा किंचित लांब हवी, दोन्ही बाजूंना अगदी थोडी बाहेर आलेली. ती आयएवढीच किंवा आखूड असेल तर नट थेट आय दाबतो आणि टोक जाम होतं. मग चिमटा वर-खाली होताना शॉकला त्या टोकाभोवती फिरता येत नाही, तो वाकवला जातो. हाच तो आडवा जोर. उलट स्लीव्ह स्टडच्या खांद्यापासून वॉशरपर्यंतची जागा भरत नसेल, तर नट आटे संपतात तिथेच अडतो, स्लीव्ह सुटीच राहते आणि शॉक स्टडवर बाजूला सरकत राहतो. इथून ‘टक्’ सुरू होतो.

आतला व्यास दुसरी गडबड. अशा शॉकमध्ये १०, १२ आणि १४ मिलिमीटरच्या स्लीव्ह नेहमी दिसतात. १० मिलिमीटरच्या स्टडवर १२ ची स्लीव्ह चढवली की नट घट्ट असेपर्यंत सगळं ठीक वाटतं. मग पहिल्या काही जोरदार धक्क्यांत वॉशरची पकड सुटते आणि शॉक त्या दोन मिलिमीटरच्या खेळात आपटायला लागतो. नट पुन्हा आवळला की आवाज जातो, थोड्या दिवसांनी परत येतो. ‘अधूनमधून येणारा आवाज’ म्हणून जे सांगितलं जातं ते बहुतेकदा हेच. पत्रा गुंडाळून किंवा टेप लावून ही फट भरू नका. लेथवर बरोबर मापाची स्टीलची स्लीव्ह काढून घ्या. स्टडवर ती हाताने दाबून सरकली पाहिजे, पण हलवली तर खडखडता कामा नये.

माप घेताना स्टड एकाच ठिकाणी मोजू नका. व्हर्नियरने मुळाशी, मध्यावर आणि आट्यांजवळ, तिन्ही ठिकाणी मोजा, आणि स्टडभोवती व्हर्नियर फिरवूनही पाहा. बरीच वर्षं सैल शॉक वागवलेल्या स्टडची खालची किंवा वरची बाजू खाल्लेली असते. मध्यावर कंबर पडलेल्या स्टडवर कितीही नेमकी स्लीव्ह बनवली तरी ती डुलणारच.

मग वाक. स्टडच्या मापाची, साधारण ३०० मिलिमीटर लांबीची सरळ नळी स्टडवर सरकवा आणि मागून, मग वरून पाहा. ती मागच्या अॅक्सलला समांतर दिसली पाहिजे, आणि दुसऱ्या बाजूच्या स्टडवर घातलेल्या नळीच्या रेषेत आली पाहिजे. नुसत्या नजरेला स्टड सरळच वाटतो. नळीमुळे वाक मोठा होऊन दिसतो: २ अंशांचा वाक ३०० मिलिमीटरच्या टोकाला जवळपास १० मिलिमीटर दिसतो. वाकलेला स्टड नळी घालून जोराने सरळ करण्याचा मोह टाळा. मुळाशी आधीच बारीक तडा असू शकतो, आणि हा स्टड चालत्या गाडीत तुटला तर त्याची किंमत फार मोठी आहे. फ्रेमला वेल्ड केलेला असेल तर हे काम फ्रेम जिगवर (फ्रेम सरळ धरून ठेवणाऱ्या साच्यावर) धरू शकणाऱ्या माणसाकडे द्या.

ओळखीच्या एका गाडीत उजव्याच बाजूचा शॉक पुन्हा पुन्हा गळायचा. शॉक आपसात बदलून पाहिले, तरी गळायचा उजवाच. कारण निघालं सामानाच्या लोखंडी चौकटीत. तिची एक पट्टी उजव्या वरच्या स्टडवर, खांदा आणि शॉक यांच्या मधे घातली होती. पट्टीच्या जाडीएवढा शॉकचा वरचा डोळा बाहेर सरकला, खालचा होता तिथेच राहिला आणि दांडा कायम तिरका चालत राहिला. पट्टी नटाच्या बाहेरच्या बाजूला, वेगळ्या स्पेसरवर घेतली आणि गळती थांबली. शॉकच्या स्टडवर दुसरं काही टांगलेलं असेल तर आधी तेच काढा, एवढंच यातून घ्यायचं.

काही भारी शॉकमध्ये रबराऐवजी गोलाकार बेअरिंग असतं. ते वाकडेपणा थोडा सामावून घेतं, पण धूळपाण्यात लवकर झिजतं आणि झिजलं की खणखणतं. रोजच्या वापराच्या जुन्या गाडीला मी रबरी बुशच घेईन.

मोकळा लटकवून पाहा

आता ती तपासणी, जी प्रत्येक नव्या शॉकबरोबर व्हायलाच हवी. गाडी डबल स्टॅण्डवर पक्की उभी करा आणि चिमट्याखाली आधार द्या. एका बाजूचा शॉक फक्त वरच्या स्टडवर, सगळे वॉशर जागच्या जागी घालून, नट हाताने लावून लटकवा. दुसऱ्या बाजूचा शॉक तसाच राहू द्या. मागून पाहा: खालचा डोळा खालच्या स्टडसमोर आपसूक येतो का? मिलिमीटरभर इकडेतिकडे ठीक आहे. डोळा स्टडवर नेण्यासाठी शॉक हाताने आत किंवा बाहेर ढकलावा लागत असेल तर तिथे स्पेसर कमी-जास्त करायला हवा. तो वर घालायचा की खाली, हे चेन, चेन कव्हर आणि सायलेन्सर यांच्यापासून किती अंतर उरतं ते पाहून ठरवा. नट लावल्यावर स्टडचे आटे त्यातून पूर्ण बाहेर आले पाहिजेत, एवढीच जाडी स्पेसरला परवडते.

शॉकवरची स्प्रिंग उतरवता येत असेल तर तशी उतरवून, त्या शॉकची दोन्ही टोकं लावून आणि दुसऱ्या बाजूचा शॉक खालून सोडून, चिमटा हाताने अगदी खालपासून अगदी वरपर्यंत न्या. वाटेत कुठेही जड लागू नये. स्प्रिंग योग्य साधनानेच दाबायची. तिच्यातला ताण हाताला इजा करण्याइतका असतो. गॅसच्या डब्याला तापवणं, भोक पाडणं, वेल्डिंगजवळ ठेवणं पूर्ण वर्ज्य.

चिमटा

आता दोन्ही शॉक खालून सोडा आणि तसे असतानाच चिमटा तपासून घ्या, कारण ही संधी पुन्हा मिळत नाही. चाकाजवळ धरून डावी-उजवीकडे जोर द्या. पिव्होटजवळ (चिमटा ज्या सांध्यावर फिरतो तिथे) जराही ‘टक्’ जाणवला तर बुश किंवा बेअरिंग गेलंय. वर-खाली नेताना चिमटा आपल्या वजनाने सावकाश, सलग खाली यायला हवा. मधेच अडत असेल तर आत गंज किंवा सुकलेलं ग्रीस. (काही गाड्यांत पिव्होटला चिकटवलेलं रबर असतं, तिथे तो स्प्रिंगसारखा परत फिरतो, ते नॉर्मल.) पिव्होटचा खेळ मागच्या टोकाला कैक पटींनी मोठा होतो आणि तो सगळा आडवा जोर शॉकच्या वाट्याला येतो. वळणावर गाडी मागून डोलत असेल तर नव्या शॉकने ते जाणार नाही. मागच्या चाकाचं बेअरिंगही याच वेळी पाहून घ्या.

लांबी तीच, पण पूर्ण दाबल्यावर?

शॉक घेताना सगळे डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी जुळवतात. पूर्ण दाबलेल्या स्थितीतली लांबी क्वचितच कोणी विचारतं, आणि ‘धप्’चं मूळ तिथे असतं. समजा मूळ शॉक ३३० मिलिमीटरचा आणि त्याची चाल ८०. पूर्ण दाबल्यावर तो २५० होतो. नवा शॉकही ३३० चाच, पण चाल ९५, म्हणजे तो २३५ पर्यंत दाबला जाईल. शॉक तिरका आणि अॅक्सलच्या पुढे बसलेला असल्यामुळे चाक शॉकपेक्षा जास्त हलतं. शॉक आणि चाक यांच्या हालचालीचं प्रमाण ०.८ धरलं (चाक १० हललं तर शॉक ८), तर ते जादाचे १५ मिलिमीटर चाकाशी जवळपास १९ होतात. जुन्या गाडीत टायर आणि मडगार्ड यांच्या मधे तेवढी जागा असेलच असं नाही.

मडगार्डच्या आतल्या बाजूला चमकदार घासलेला पट्टा दिसला तर हेच घडतंय. तिथून मागच्या दिव्याची वायर जात असेल तर तिचं आवरण सोललं जातं आणि मग मोठ्या खड्ड्यात फ्यूज उडायला लागतो. विजेचा दोष म्हणून ही तक्रार फिरत राहते आणि कारण शॉकच्या चालीत असतं. स्प्रिंग उतरवून चिमटा वर नेण्याची तपासणी यासाठीही कामाची: शेवटच्या टोकाला टायर, वायर, सीटचा तळ, चेन कव्हर, सायलेन्सर आणि असल्यास गॅसचा बाहेरचा डबा, सगळं पाहून घ्या. जागा कमी पडत असेल तर दांड्यावर जाड बंप रबर किंवा चाल मर्यादित करणारी रिंग बसवता येते. ती शॉकच्या बनावटीला मानवते का, हे आधी विचारा.

शॉक लांब घेतला असेल तर

मागची बाजू उचलावी म्हणून बरेच जण १० ते २० मिलिमीटर लांब शॉक घेतात. वरच्याच प्रमाणात १० मिलिमीटर लांब शॉकने चाकाशी उंची साडेबारा मिलिमीटर वाढते. १३०० मिलिमीटर व्हीलबेसच्या (दोन्ही अॅक्सलमधलं अंतर) गाडीत तो सुमारे अर्ध्या अंशाचा झुकाव झाला, पुढचा फोर्क तेवढा उभा झाला आणि ट्रेल (स्टिअरिंगची रेषा जमिनीला जिथे भेटते तिथपासून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) तीनेक मिलिमीटर कमी. वळणं चटकन घेते, एवढंच जाणवेल. २० च्या पुढे मात्र सरळ रस्त्यावर वेगात गाडी अस्वस्थ वाटू शकते, आणि मी तिथे जाणार नाही. हेडलाइटचा झोत खाली येतो, साइड स्टॅण्डवर गाडी जास्त कलते, डबल स्टॅण्डवर चाक जमिनीला टेकतं. हे सगळं दिसतं तरी. न दिसणारी गोष्ट चेनची.

पुढच्या स्प्रॉकेटचं केंद्र, चिमट्याचं पिव्होट आणि मागचा अॅक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. लांब शॉकमुळे स्टॅण्डवर चिमटा या रेषेपासून आणखी खाली लोंबतो. मग मॅन्युअलमधला ढिलेपणाचा जुना आकडा स्टॅण्डवरच लावला, तर चालवणारा बसल्यावर चेन तारेसारखी ताठ होते. मागची बाजू दबायला नकार देते, स्प्रिंग कडक आहे असा भास होतो, गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगवर आणि हबवर भार येतो. म्हणून लांब शॉक बसवताना चेन वेगळ्या पद्धतीने लावा. शॉक सुटे असताना चिमटा उचलून तिन्ही केंद्रं एका रेषेत आणा आणि त्या स्थितीतही चेन बोटाने वर-खाली थोडी हलेल इतकी ढील ठेवा. मग शॉक बसवून स्टॅण्डवर ढील किती दिसते ते मोजा. आपल्या गाडीसाठी इथून पुढे तोच आकडा.

ड्रम ब्रेक असेल तर पेडलचा मोकळेपणाही चाक लोंबतं असताना आणि गाडीवर माणूस बसल्यावर असा दोन्ही वेळा पाहा. पेडलची खीळ आणि चिमट्याचं पिव्होट वेगवेगळ्या जागी असल्यामुळे ब्रेक रॉडचा ताण बदलतो, आणि कधी ब्रेक चालताना घासत राहतो.

स्प्रिंग: ताण वाढवला म्हणजे कडक झाली असं नाही

खालची रिंग फिरवून ताण वाढवला की गाडी उंच होते. सरळ गुंडाळीची स्प्रिंग त्याने कडक होत नाही, ती फक्त पुढच्या बिंदूपासून सुरुवात करते. हा गैरसमज असल्यामुळे शॉक आपटतो म्हणून ताण वाढवला जातो, आणि मग तो वरच्या टोकालाही आपटायला लागतो.

मोजूनच ठरवा. अॅक्सलपासून सरळ वर, शेपटावर टेपची खूण करा. चाक हवेत असताना अंतर मोजा, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना मोजा, आणि चालवणारा नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या जागी बसलेला असताना मोजा. घर्षणामुळे आकडा फसवतो. म्हणून मागची बाजू थोडी दाबून हळू सोडल्यावर एकदा आणि थोडी उचलून हळू सोडल्यावर एकदा मोजून सरासरी घ्या. चाकाची पूर्ण चाल १०० मिलिमीटर असेल तर माणूस बसल्यावर २५ ते ३० मिलिमीटर दबली पाहिजे, आणि नुसत्या गाडीच्या वजनावर साधारण १० ते १५.

माणूस बसल्यावरचा आकडा बरोबर आणला, पण नुसत्या गाडीच्या वजनावर मागची बाजू अजिबात दबत नाही, असं असेल तर स्प्रिंग मऊ आहे, तिला ताण देऊन उभं केलंय. उलट, नुसत्या गाडीच्या वजनावर खूप दबते पण माणूस बसल्यावरचा आकडा बरोबर आहे, तर स्प्रिंग कडक आहे. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. मोजून पाहिलं की पटतं.

दुसऱ्या गाडीची स्प्रिंग घेताना शॉकचा तिरकेपणा विसरू नका. चाकाशी जाणवणारा कडकपणा प्रमाणाच्या वर्गाने बदलतो. मिलिमीटरला २० न्यूटनच्या दोन स्प्रिंग मिळून ४० झाल्या. प्रमाण ०.९ असलेल्या गाडीत त्या चाकाशी ३२.४ देतात, ०.८ असलेल्या गाडीत फक्त २५.६. स्प्रिंग तीच, लांबी तीच, आणि एका गाडीत उत्तम वाटणारी जोडी दुसरीत तळाला आपटते.

दोन्ही बाजूंचा ताण नेहमी सारखा ठेवा, खाचा मोजून. रिबाउंड उत्पादकाने सांगितलेल्या मधल्या खाचेवरून सुरू करा. सीट दाबून सोडल्यावर मागची बाजू एकदा वर येऊन थांबावी. दोनदा हेलकावली तर एक खाच आवळा. लागोपाठच्या खड्ड्यांत मागची बाजू हळूहळू खाली बसत जात असेल तर रिबाउंड जास्त आवळलेलं आहे. शॉकला परत उघडायला वेळच मिळत नाही.

शेवटचं आवळणं

स्लीव्ह आणि स्टडच्या मधे हलकं ग्रीस लावा, नाहीतर गंजून पुढच्या वेळी हातोडा घ्यावा लागेल. रबराला साधं पेट्रोलियम ग्रीस लागू देऊ नका, ते रबर फुगवतं. रबर आत दाबून बसवायचं असेल तर साबणाचं पाणी पुरतं. लॉक नट नवे घ्या.

नट आधी फक्त टेकवा. गाडी स्टॅण्डवरून उतरवा, माणूस बसवा, मागची बाजू काही वेळा दाबून सोडा आणि मगच, वजन असतानाच, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. नट आवळला की स्लीव्ह पकडली जाते आणि पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळण्यावर होते. चाक लोंबत असताना आवळलं तर गाडी चालवताना रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ज्यांच्या बुशा सारख्या जातात त्यांच्याकडे ही पायरी चुकलेली मी वारंवार पाहिली आहे.

पहिल्या छोट्या फेरीनंतर चारही नट, चेनची ढील आणि दांडे पाहा. नटावर आणि स्टडवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा, म्हणजे नट फिरला की पाना न लावता कळतं. साधारण ५०० किलोमीटरनंतर सीटवर बसून मागची बाजू किती दबते ते पुन्हा मोजा, कारण नवी स्प्रिंग आणि रबर थोडं बसतं. तेव्हा दांडा पुसून उजेडात परत फिरवा. चमक सगळीकडे सारखी असेल तर रोजच्या धुण्या-पुसण्यापलीकडे त्याला हात लावायची गरज नाही. एका बाजूला पट्टा दिसायला लागला असेल, तर अजून गळती नसली तरी त्याच बाजूची नळीची आणि लटकवण्याची तपासणी पुन्हा करा.